वाचकांचे प्रश्न: इंजिन ऑइलला मॅग्नेट लावावा का?

प्रश्न: नमस्कार, आमची हर्णैला मासेमारीची बोट आहे, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत इंजिनाचं काम काढलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला की ऑइल फिल्टरला बाहेरून जुन्या स्पीकरचा मॅग्नेट चिकटव, लोखंडाचा सगळा कीस तिथे बसतो, मग ऑइल दुप्पट तास चालवलं तरी चालतं. ऑइलचा खर्च बघता मन होतंय. हे खरं आहे का? आणि मॅग्नेट सरळ इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्येच टाकला तर?
– एक वाचक, हर्णै

उत्तर: मेकॅनिकचं अर्धं बरोबर आहे. मॅग्नेट जरूर लावा, पण ऑइलचे तास एकानेही वाढवू नका, कारण ऑइल काही नुसत्या किसाने खराब होत नाही, त्यात डिझेलची काजळी उतरते, जळताना ॲसिड तयार होतं, कधी डिझेल गळून मिसळतं, कधी पाणी जातं, आणि ऑइलमध्ये कंपनीने घातलेली ॲडिटिव्ह हळूहळू संपतात. यातल्या एकालाही मॅग्नेट धरत नाही.

धातूतसुद्धा तो फक्त लोखंड आणि स्टील धरतो, म्हणजे लायनर, रिंगा, कॅमशाफ्ट, गिअर यांची झीज. पिस्टन ॲल्युमिनियमचे, ते सुटले. बेअरिंगच्या शेलवर शिसं, कथील, तांबं, ॲल्युमिनियम यांचा थर असतो, तोही सुटला. म्हणजे बेअरिंग जात असेल तर सुरुवातीला मॅग्नेट स्वच्छच दिसणार, आणि आपण निर्धास्त राहणार. मला यातली सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हीच.

मग लावायचा कशाला? तर साधा कागदी फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट अडवतो (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो) आणि बेअरिंगमध्ये ऑइलचा थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा. त्याच्या जाडीइतके बारीक कण कागदातून निसटतात आणि फिरून फिरून घासत राहतात. त्यातले लोखंडी कण मॅग्नेटला सापडू शकतात. गोल डब्याच्या फिल्टरमध्ये ऑइल कडेच्या भोकांतून आत येतं, कागदातून गाळून मधल्या भोकातून बाहेर जातं, म्हणजे डब्याची भिंत कायम घाण बाजूला असते. तिथे धरलेला कीस समजा सुटला तरी पुढे कागद आहेच, आणि फिल्टर बदलला की तो जुन्या डब्याबरोबर बाहेर.

पण मॅग्नेटचा जोर अंतराने भराभर पडतो. रत्नागिरीच्या मांडवीला काळी वाळू आहे ना, तिथे मॅग्नेट नेऊन बघा (आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा नाहीतर दाणे निघता निघत नाहीत), टेकवला की काळे दाणे झुपकेच्या झुपके उभे राहतात आणि तोच दोन बोटं वर धरला तर जवळपास काही होत नाही. फिल्टरचा डबा स्टीलचा, तो स्वतःच बराचसा जोर खाऊन टाकतो. त्यात स्पीकरचा मॅग्नेट सपाट आणि डबा गोल, कडेला लावलात तर एका रेघेवरच टेकतो, त्यामुळे बुडाचा भाग सपाट असेल तर तिथे लावा आणि पट्टीने घट्ट बांधा, बोटीचं इंजिन किती थरथरतं ते मी तुम्हाला काय सांगू.

स्पीकरचा काळा मॅग्नेट फेराइटचा असतो, जोर कमी पण तो गंजत नाही. हल्ली मिळतात ते चकचकीत निओडिमियमचे जोरदार असतात, मात्र वरचं निकेल जरा उडालं की खाऱ्या हवेत आतून गंजून त्यांचा भुगा होतो. शिवाय साध्या ग्रेडचे ८० अंश सेल्सिअसच्या वर जोर गमवायला लागतात आणि तापलेल्या इंजिनात ऑइल १०० च्या आसपास असतं. घ्यायचेच तर जास्त तापमानाच्या ग्रेडचे घ्या. आणि कुठलाही मॅग्नेट होकायंत्राजवळ ठेवू नका, सुई चुकली तर समुद्रात तुमच्याच जिवाशी गाठ आहे.

चेंबरमध्ये सुटा टाकायचा नाही म्हणजे नाहीच. हे मॅग्नेट ठिसूळ असतात, तुकडा उडून क्रँकपाशी किंवा ऑइल पंपाच्या जाळीशी गेला तर किसाने झालं नसतं इतकं नुकसान होईल. त्याऐवजी टोकात मॅग्नेट पक्का बसवलेला ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट) मिळतो, तो लावा. चेंबरच्या तळाशी ऑइल संथ असतं, जड कण तिथेच बसतात, त्यामुळे तो फिल्टरवरच्या मॅग्नेटपेक्षा चांगलं काम करतो. विमानाच्या इंजिनात तर असा मॅग्नेट वायरला जोडलेला असतो, मोठे कण साठून दोन टोकं जुळली की पायलटसमोर दिवा लागतो.

दर ऑइल बदलीला तो बोल्ट पांढऱ्या कापडावर पुसा आणि कापडावर तारीख, इंजिनाचे तास लिहून ठेवून द्या. करडा, लोण्यासारखा मऊ थर असेल तर नेहमीची झीज आहे. नवीन लायनर-रिंगा टाकल्यावर पहिल्या बदलीत तो जास्त येतो, घाबरू नका. पण बोटाला टोचणारी सुई किंवा चपटा कपचा लागला तर बोट समुद्रात नेऊ नका, आधी इंजिन उघडा. थोडं ऑइल पांढऱ्या बशीत घेऊन खालून मॅग्नेट फिरवा, चमचम आहे पण हलत नाही तर बेअरिंग किंवा पिस्टनचा संशय घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, आधी ऑइल कूलर तपासा.

प्रश्न: माझी १०० सीसीची बाइक आहे, रोज चिपळूणहून कुंभार्ली घाट चढतो. तिला मॅग्नेटवाला ड्रेन बोल्ट चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: चालेल, आणि तुम्हाला जास्तच उपयोग होईल, कारण बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात, घाटात सारखे गिअर बदलले की गिअरच्या दातांचा कीस त्याच ऑइलमध्ये येतो, आणि या साइजच्या बऱ्याच बाइकना कागदी फिल्टर नसतोच, जाळी असते. जुना बोल्ट दुकानात नेऊन आटे जुळवूनच नवा घ्या, वॉशर नवीन टाका आणि पान्यावर पाय देऊन आवळू नका, खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे एकदा गेले की ते परत करून घेण्याचा खर्च बोल्टच्या कितीतरी पट होतो.