अडीच हजार कोटी किलोमीटरवरचं यान इथून कसं दुरुस्त करतात?

गेल्या अंकात नासाच्या व्हॉयेजरबद्दल दोनच परिच्छेद लिहिले होते, लांबचे ग्रह बघायला १९७७ ला सुटलेली दोन यानं अजून चालू आहेत एवढंच, पण त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, २०२३ मध्ये व्हॉयेजर १ बिघडलं होतं आणि नंतर दुरुस्त केलं असं वाचलं. तिथे कुणी जाऊ शकत नाही, मग केलं काय नेमकं? रीस्टार्ट मारला का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

रीस्टार्ट करून बघितला होता रे, उपयोग झाला नाही. झालं असं की १४ नोव्हेंबर २०२३ पासून यानाकडून येणाऱ्या माहितीला काही अर्थच उरला नाही, शून्य आणि एकचा एकच तुकडा परत परत येत राहिला. म्हणजे सिग्नल येतोय, आपण पाठवलेल्या कमांड यान ऐकतंय, पण ते काय सांगतंय ते कळत नाहीये. यानावर एफडीएस नावाचा एक कॉम्प्युटर आहे, सगळ्या उपकरणांचं मोजमाप आणि यानाच्या स्वतःच्या तब्येतीची माहिती गोळा करायची, पॅक करायची आणि पुढे पाठवायला द्यायची हे त्याचं काम. संशय त्याच्यावरच होता, पण जो धड बोलत नाहीये त्याच्या आत काय बिघडलंय हे त्यालाच विचारणार कसं?

मग १ मार्च २०२४ ला कॅलिफोर्नियातल्या जेपीएलच्या, म्हणजे ही यानं चालवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेच्या, टीमने एक कमांड पाठवली. प्रोग्रॅमला सांगायचं की नेहमीच्या क्रमाने न जाता जरा वेगळ्या वाटेने चालून बघ, मधे कुठे खराब जागा असेल तर ती टळेल. ३ मार्चला जे उत्तर आलं ते आधीच्या गोंधळासारखं नव्हतं, पण यान ठणठणीत असताना यायचं तसंही नव्हतं. यानाशी बोलणाऱ्या अँटेनांचं जे जाळं आहे, डीप स्पेस नेटवर्क, तिथल्या एका इंजिनिअरने १० मार्चला ते उलगडलं. त्यात एफडीएसची अख्खी मेमरी होती! आधीच्या चांगल्या दिवसांतली तशीच एक प्रत यांच्याकडे होती, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघितल्या आणि कळलं की एक चिप गेलीये आणि तिच्यामुळे साधारण तीन टक्के मेमरी खराब झालीये. कारण दोनपैकी काहीतरी, एकतर अवकाशातला एखादा जोराचा कण येऊन चिपवर आदळला असेल नाहीतर ४६ वर्षांनी ती झिजून गेली असेल.

आता चिप तर बदलता येत नाही, मग तिथला कोड दुसरीकडे हलवायचा. पण तेवढी मोकळी जागा एका ठिकाणी नव्हतीच, कारण यानावरच्या सगळ्या कॉम्प्युटरची मेमरी मिळून जेमतेम ७० केबी आहे, व्हॉट्सअपवर रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या फोटोलाही यापेक्षा जास्त लागते. त्यामुळे कोडचे तुकडे केले, जिथे जिथे फट सापडली तिथे एकेक तुकडा बसवला, ते तुकडे एकमेकांना धरून चालतील असे बदल केले आणि बाकीच्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे जुना पत्ता होता तिथे नवा घातला. हे सगळं १९७० च्या दशकातले कागद उघडून, ज्यांनी ते लिहिले त्यांच्या स्वप्नातही नसेल की यान इतकी वर्षं चालेल. पहिला तुकडा १८ एप्रिलला पाठवला. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० एप्रिलला उत्तर आलं आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा यानाची तब्येत कळली. जूनच्या मध्यापर्यंत तेव्हा चालू असलेली चारही उपकरणं परत कामाला लागली.

मला यात सगळ्यात जास्त काय भावतं सांगू, घाई नाही. एक चूक झाली तर ती चूक झालीये हे कळायलाच दोन दिवस, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक ओळ तपासून घेतात ही माणसं.

माझ्या गाडीची बॅटरी चार वर्षांत बदलावी लागते. यांची ४८ वर्षं कशी चालते? सोलर आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

काका, सोलर तिथे चालणारच नाही. नेपच्यूनपाशीच सूर्यप्रकाश पृथ्वीच्या नऊशेव्या हिश्शाएवढा उरतो आणि ही यानं त्याच्याही कितीतरी पलीकडे आहेत. यांच्यावर प्लुटोनियम-२३८ आहे, ते आपोआप गरम राहतं आणि त्या उष्णतेपासून वीज बनते, फिरणारा एकही भाग नाही म्हणून बिघडण्यासारखं काही नाही. सुटताना ४७० वॉटच्या आसपास वीज होती आणि दरवर्षी साधारण चार वॉट कमी होते.

आणि खरी गोष्ट इथेच आहे. यान टिकलंय ते नुसतं मजबूत बांधलं म्हणून नाही, इथली माणसं दरवर्षी त्या चार वॉटचा हिशोब बसवतायत म्हणून टिकलंय. व्हॉयेजर १ चे कॅमेरे १९९० ला बंद केले. मग एकेक हीटर बंद करत गेले, कारण उपकरण बंद करण्यापेक्षा त्याची ऊब काढणं बरं. २०१९ ला व्हॉयेजर २ वरच्या कॉस्मिक किरण, म्हणजे दूर अवकाशातून येणारे जोराचे कण, मोजणाऱ्या उपकरणाचा हीटर बंद केला, ते उपकरण उणे ४५ अंशांपर्यंतच तपासलेलं होतं, तापमान उणे ५९ पर्यंत गेलं तरी पठ्ठ्या मोजत राहिला. पण हीटर पण संपतात. २०२४ च्या सप्टेंबरात व्हॉयेजर २ वरचं प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, मोजणारं उपकरण बंद केलं, २०२५ च्या फेब्रुवारीत व्हॉयेजर १ वरचं कॉस्मिक किरणांचं, मार्चमध्ये व्हॉयेजर २ वरचं अजून एक. चांगलं चालणारं उपकरण आपल्या हाताने बंद करायचं आणि तेही त्याच्यावर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनी मिळून ठरवायचं, मला तरी हे वाचताना गलबलून येतं.

व्हॉयेजर सूर्यमालेच्या बाहेर गेलं की नाही? कुणी म्हणतं २०१२ लाच गेलं, कुणी म्हणतं अजून हजारो वर्षं लागतील. मुलं विचारतात, मी काय सांगू? (शिक्षिका, सातारा)

बाई, दोन्ही बरोबर आहे, हद्द कुठली धरता त्यावर आहे. सूर्यापासून सतत भारित कणांचा वारा वाहतो, सौरवारा, तो जिथे थांबतो ती एक हद्द. व्हॉयेजर १ ने ती २५ ऑगस्ट २०१२ ला ओलांडली आणि व्हॉयेजर २ ने ५ नोव्हेंबर २०१८ ला. पण सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याच्या खूप पुढे पोचतं, तिथे ऊर्ट मेघ आहे असं मानतात, धूमकेतू येतात तो. त्याच्या आतल्या कडेला पोचायलाच साधारण ३०० वर्षं आणि पार व्हायला कदाचित ३०,००० वर्षं. मुलांना दोन्ही सांगा, गोंधळणार नाहीत.

पण ती हद्द ओलांडली हे कळलं कसं हे मुलांना जरूर सांगा, कारण तिथे पाटी लावलेली नाहीये. बाहेर गेलो तर आजूबाजूचे कण जास्त दाट असणार एवढं माहीत होतं, पण व्हॉयेजर १ वरचं ते थेट मोजणारं उपकरण १९८० लाच बंद पडलेलं. मग नशिबाने साथ दिली, मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठा स्फोट झाला होता, त्याचा धक्का प्रवास करत करत १३ महिन्यांनी यानापर्यंत पोचला आणि आजूबाजूचे कण थरथरायला लागले. यानावरच्याच दुसऱ्या एका अँटेनाने ते थरथरणं पकडलं. दाटी जास्त तर सूर वरचा, असं गणित आहे, त्या सुरावरून आयोवा विद्यापीठाच्या डॉन गर्नेट यांच्या टीमने दाटी काढली तर ती आतल्यापेक्षा सुमारे ४० पट निघाली. म्हणून ओलांडलं २०१२ ला आणि जाहीर झालं सप्टेंबर २०१३ ला.

दोन्ही यानं एकसारखी, मग युरेनस नेपच्यूनला एकच का गेलं? (पुणे, आणि असेच अजून बरेच)

टायटनमुळे. शनीच्या या चंद्रावर दाट वातावरण आहे हे आधी माहीत होतं आणि ते जवळून बघायचंच होतं, पण टायटनच्या जवळून गेलं की यान ग्रहांच्या पातळीतून वर फेकलं जाणार, मग पुढचा ग्रह नाही. व्हॉयेजर १ ने नोव्हेंबर १९८० ला ते केलं. ते फसलं असतं तर व्हॉयेजर २ ला पण टायटनकडेच पाठवायचं ठरलं होतं, म्हणजे युरेनस आणि नेपच्यून दोन्ही गेले असते! सुदैवाने काम झालं आणि व्हॉयेजर २ पुढे गेलं, १९८६ ला युरेनस, १९८९ ला नेपच्यून. आजपर्यंत त्या दोन ग्रहांजवळ गेलेलं हे एकमेव यान आहे.

काही जण म्हणतात टायटनवर नुसतं नारिंगी धुकं दिसलं, त्याऐवजी व्हॉयेजर १ ला प्लुटोकडे नेता आलं असतं, तो सोडायला नको होता. मला नाही पटत. ते धुकं बघितलं, हवा मुख्यतः नायट्रोजनची आहे हे कळलं, म्हणूनच पुढे शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाबरोबर हायगन्स हे छोटं यान गेलं आणि १४ जानेवारी २००५ ला टायटनच्या जमिनीवर उतरलं.

एवढ्या लांबून सिग्नल ऐकतात कसा? आणि व्हॉयेजर २ शी फक्त ऑस्ट्रेलियातूनच बोलता येतं हे खरं का? (कल्याण)

यानाचा ट्रान्समीटर विसेक वॉटचा आहे फक्त, इथे पोचेपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून इकडे ७० मीटर व्यासाच्या अँटेना लागतात. माहिती येते सेकंदाला १६० बिट या वेगाने.

ऑस्ट्रेलियाचं खरं आहे. अँटेना तीन ठिकाणी आहेत, कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिद आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेरा. १९८९ ला नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवावरून त्याचा चंद्र ट्रायटन बघायला वळताना व्हॉयेजर २ दक्षिणेला इतकं खाली गेलं की माद्रिद आणि गोल्डस्टोनच्या क्षितिजावर ते कधी उगवतच नाही. त्यामुळे कॅनबेराची मोठी अँटेना हाच एक दोर. जुलै २०२३ मध्ये एका चुकीच्या कमांडमुळे यानाची अँटेना पृथ्वीपासून फक्त दोन अंश सरकली आणि बोलणं बंद. ऑक्टोबरात यान आपोआप दिशा ठीक करणार होतं, पण तेवढं थांबवेना म्हणून कॅनबेराहून पूर्ण ताकदीने कमांड पाठवली, ती पोचली की नाही कळायला ३७ तास, आणि ४ ऑगस्टला यान परत बोलायला लागलं.

हे यान तर १९७८ पासून अर्ध्या कानाने ऐकतंय. मुख्य रिसीव्हर तेव्हाच गेला आणि राखीव रिसीव्हरला सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीमागे स्वतः जाता येत नाही, म्हणून यानाचं तापमान, पृथ्वीचं फिरणं सगळं धरून नेमक्या फ्रिक्वेन्सीवर इथूनच पाठवावं लागतं. युरेनस, नेपच्यून सगळं तसंच केलंय!

आमच्या केसरबाईंची रेकॉर्ड त्यावर आहे असं लहानपणापासून ऐकतो. खरंच आहे का? (फोंडा, गोवा)

अगदी खरं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने निवडलेली, आणि त्यात गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली. रेकॉर्ड तोपर्यंत बाजारातून गेली होती, शोधाशोध करून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्याच तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे.

दुर्बिणीतून दिसेल का? (आठवीतली मुलगी, लातूर)

नाही गं, जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही नाही दिसणार. पण कुठे आहे ते बोटाने दाखवता येईल तुला. व्हॉयेजर १ भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेने आहे, त्यातला सगळ्यात ठळक तारा रास अलहेग, त्याच्या अगदी शेजारी. जून-जुलैच्या रात्री हा भाग आपल्या डोक्यावर असतो पण तेव्हा ढग, म्हणून ऑक्टोबरात पाऊस गेला की संध्याकाळी सातला पश्चिमेकडे अर्ध्या उंचीवर बघ. २०२६ च्या नोव्हेंबरच्या मध्याला त्याचं पृथ्वीपासूनचं अंतर एक प्रकाशदिवस होतंय, म्हणजे इथून निघालेला सिग्नल बरोबर २४ तासांनी तिथे.

आणि घरी नेट असेल तर नासाचं 'डीएसएन नाऊ' नावाचं पान उघड. कुठली अँटेना आत्ता कुठल्या यानाशी बोलतेय ते तिथे चालू दिसतं, व्हीजीआर१ आणि व्हीजीआर२ अशी नावं शोध, कॅनबेराच्या ७० मीटरवाल्या अँटेनावर बऱ्याचदा व्हीजीआर२ असतं. त्यावर क्लिक केलंस की सिग्नल यायला-जायला किती वेळ लागतोय तोही आकडा दिसेल.