कॉलेजात आउटडोअर लीडरशिपचा कोर्स करावा, की अनुभवी ग्रुपबरोबर फिरूनच शिकावं?

कोर्स करा.

तुम्ही विचारलंय की फी आणि वर्षं घालवण्यापेक्षा जुन्याजाणत्या लोकांबरोबर डोंगरात फिरलं तर तेच शिकता येणार नाही का. गाठी, बिले (चढणाऱ्याला दोराने सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), नकाशा लावणं हे सगळं येईल. चांगला ग्रुप मिळाला तर कोर्सपेक्षा लवकर येईल. पण "डोंगरच सगळं शिकवतो, कोर्स कसले करता" असं ठणकावून सांगणाऱ्या एका माणसाशी माझं कित्येक वर्षं बिनसलेलं आहे, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

कोर्सच्या शेवटच्या वर्षी मी ज्युनिअर मुलांच्या एका मोहिमेत सहायक लीडर होते. मुख्य लीडर वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा खूप मोठा. सगळे त्याला दादा म्हणत, आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा. दुपारी खिंडीत पोचलो तेव्हा सगळे पावसाने भिजलेले होते, वारा वाढत होता आणि पहिल्या आणि शेवटच्या मुलात चांगलंच अंतर पडलं होतं. दादाने ठरवलं की दमदार मुलांना घेऊन तो शिखर करून येणार आणि मागे पडलेल्यांना मी सावकाश पुढच्या मुक्कामावर न्यायचं.

मी नाही म्हणाले. कारण वर्गात आम्ही केर्नगॉर्मची दुर्घटना अक्षरशः तासातासाने अभ्यासली होती. नोव्हेंबर १९७१, स्कॉटलंड. शाळेच्या मुलांची तुकडी अशीच विभागली गेली. तगडी मुलं अनुभवी लीडरबरोबर गेली आणि सुखरूप राहिली. कमी अनुभवाची मुलं २० वर्षांच्या एका विद्यार्थिनीकडे आणि १८ वर्षांच्या मदतनीस मुलीकडे सोपवली. हिमवादळात त्यांना पठारावरचा निवारा गाठता आला नाही, दोन रात्री उघड्यावर गेल्या. पाच मुलं आणि ती मदतनीस मुलगी मरण पावली. ब्रिटनमध्ये शाळांच्या मोहिमांचे आणि लीडरच्या पात्रतेचे नियम त्यानंतर कडक झाले. आमच्या खिंडीत बर्फ नव्हता, पण वाटणी तीच होती. सगळ्यात थकलेली मुलं सगळ्यात कमी अनुभवाच्या लीडरकडे, म्हणजे माझ्याकडे.

त्यात मागच्या मुलांपैकी एकाला सॅकचं बकल लावता येईना. सरळ वाटेवर तो अडखळत होता आणि बोलताना त्याची जीभ जड झाली होती. दादा म्हणाला, "दमलाय, चालायला लागला की गरम होईल." बोटं, पाय आणि बोलणं तिन्ही एकदम बिघडली की आधी हायपोथर्मिया, म्हणजे थंडीने शरीराचं तापमान धोकादायक घसरणं, समजायचा, हे आम्हाला घोटून घोटून शिकवलं होतं. त्याला आडोशाला बसवलं, ओले कपडे उतरवून कोरडे घातले, खाली मॅट टाकून स्लीपिंग बॅगमध्ये घातला, गोड खायला दिलं. मग वेळेचं गणित मांडलं. नेस्मिथचा १८९२ चा नियम आहे, दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक. ही चाल धडधाकट माणसाची. तरीसुद्धा पुढच्या मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार होणार होता. खाली परतायला उजेड पुरत होता.

सगळ्या मुलांसमोर वाद झाला. तो ओरडला, मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले: गट फुटणार नाही, सगळे खाली जाणार. माझ्या अंगात हे उपजत नव्हतं. कोर्समध्ये प्रत्येकाला आळीपाळीने दिवसाचा लीडर करायचे. निर्णय तुमचा, आणि संध्याकाळी बाकीचे त्याची चिरफाड करणार. सगळे नाराज असताना शांतपणे परत फिरवणं मी तिथे शिकले. नुसत्या हौशी ग्रुपात ही संधी मिळत नाही, कारण तिथे वर्षानुवर्षं एकच माणूस ठरवतो आणि त्याला कुणी विचारत नाही.

आम्ही खाली आलो. तो मुलगा रात्री नीट जेवला. दादा आजही सांगत फिरतो की नुसत्या थंडीचा मी बाऊ केला आणि मुलांचं शिखर घालवलं. माझं म्हणणं एवढंच की डोंगरात चुकीचा निर्णयही बऱ्याचदा निभावून जातो, आणि तो निभावला की माणसाला वाटतं आपलं बरोबरच होतं. वीस वर्षं असं निभावलेल्याला आपण अनुभवी म्हणतो. पॉल पेट्झोल्ट १९३८ च्या के-टू मोहिमेवरचा गिर्यारोहक, त्याला अनुभव कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याने १९६५ मध्ये नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढलं ते मुलांना डोंगरात नेणारे शिकलेले लीडर पुरेसे नाहीत हे पाहूनच. हे मी दादाला ऐकवलंय. त्याच्यावर परिणाम शून्य.

कोर्स निवडताना क्लायम्बिंग वॉलचे फोटो बघून भुलू नका. विद्यार्थी खरोखर किती दिवस लीड करतो, संध्याकाळची चर्चा कोण घेतं आणि जुन्या दुर्घटना शिकवतात का हे विचारा. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचं, म्हणजे डॉक्टरपासून लांब रानावनात प्रथमोपचार करण्याचं, साधारण ७० ते ८० तासांचं प्रशिक्षण त्यात असेल तर उत्तमच. नसेल तर ते वेगळं करा, पण कराच.

एक मात्र मान्य करते. नुसत्या सर्टिफिकेटने कुणी वाचत नाही. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ मधल्या ७१५ हिमस्खलन दुर्घटना तपासल्या, तेव्हा ओळखीच्या जागी प्रशिक्षित लोकही अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करताना दिसले. त्यामुळे कोर्स संपल्यावर काही मोहिमा दुसऱ्याच्या हाताखाली कराच. फक्त तो दुसरा नीट निवडा. निघण्यापूर्वी त्याला विचारा की गटाचे दोन भाग करायची वेळ आली तर मागे राहिलेल्यांबरोबर कोण थांबणार. "मी" असं उत्तर आलं नाही तर त्याच्याबरोबर जाऊ नका, मग तो कितीही मोठा दादा असो.