शाखा सोडू नकोस, राहायची जागा बदल

चोपडा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र थोडक्यात असं: "बारावी सायन्सला ६४ टक्के मिळाले. आईवडील सुरतला लूमवर कामाला, मी मामांकडे. दोन खोल्यांत आठ जण. टीव्ही बंद झाला की रात्री अकराला चुलीजवळ अभ्यासाला बसते, पहाटे चारला मामी भाकरी टाकायला उठतात. नर्सिंगची सीईटी दिली आहे. पण नाशिकच्या मावसबहिणीला ८८ टक्के आहेत, तुला हे झेपणार नाही असं सगळे म्हणतात. सुरतला साड्यांना खडे लावायच्या कामाला जाऊ का? आजोबांना टीबीचं औषध चालू आहे. मलाही महिनाभर खोकला आहे."

प्रिय मुली,

खोकल्याचं तू शेवटी लिहिलंस, मी तिथूनच सुरुवात करते. घरात टीबीचा रुग्ण, वारा न खेळणारं धाब्याचं घर, त्यात चुलीचा धूर, आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलेला. उद्याच आशाताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. थुंकीची तपासणी तिथे फुकट होते. टीबी निघालाच तर औषधंही फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. निघाला नाही तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, प्रतिबंधक औषधाचं विचारा. मामांच्या लहान लेकरांसाठी तर ते फार गरजेचं आहे.

आता तुझे ६४ टक्के. दिवसभर कॉलेज आणि घरकाम, रात्री अकरानंतर धुरकटलेल्या कोपऱ्यात पुस्तक, चारला पुन्हा जाग. ज्या मुलीला स्वतःची खोली आहे तिच्या ८८ शी हे गुण ताडून पाहणं मला मुळीच मान्य नाही. मामींनाही बोल लावू नकोस, त्या बाईचीही झोप तेवढीच होते. घर कसं आहे याचा परिणाम आधी झोपेवर होतो, मग तब्येतीवर, मग गुणांवर, आणि पुढे तोच पगारावर दिसतो.

आणखी एक गोष्ट गुणपत्रिकेत दिसत नाही. शिकलेल्या घरात फॉर्मची शेवटची तारीख जेवताना सहज बोलण्यात येते. तुझ्या घरात ती सांगणारं कुणी नाही. आमच्याकडे येणारी कितीतरी हुशार पोरं निव्वळ दाखला वेळेत न मिळाल्याने मागे पडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा, की नर्सिंग सोडू नकोस, राहायची जागा बदल. सुरतला आईवडिलांच्या भाड्याच्या खोलीत गेलीस तर गर्दी तीच राहील आणि कमाई नगावर. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं. पसंतीक्रम भरताना आधी कॉलेजचं वसतिगृह आहे का ते बघ, नाव नंतर. जळगाव, धुळे दोन्हीकडची कॉलेजं पाहा. गुणवत्ता यादीत नंबर खाली असला तरी कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, सगळ्या फेऱ्या होईपर्यंत थांब.

फीचं म्हणशील, तर तू ओबीसीतली आहेस आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. २०२४-२५ पासून अशा मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलास तर ही सवलत मिळत नाही, त्यामुळे एजंट काहीही सांगो, पैसे देऊ नकोस. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर सावित्रीबाई फुले आधार योजनेतून खोली आणि जेवणासाठी मदत मिळते. त्याचा अर्ज इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून भर.

उत्पन्नाचा दाखला आणि ओबीसी सवलतीसाठीचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र याच आठवड्यात काढायला टाक. वडिलांची सही किंवा कागद लागतील, तर त्यांना आजच फोन कर. मामांना मुलगी वसतिगृहात ठेवायची काळजी वाटत असेल तर त्यांना घेऊन ये, मी त्यांच्याशी बोलते. तपासणीचा रिपोर्ट आला की मला कळव.