बंद आरशांतून प्रकाश आत शिरतो कसा?

प्रश्न : हवेतला मिथेन मोजताना दोन आरशांमध्ये लेझरचा प्रकाश हजारो वेळा फिरवतात, असं वाचलं. पण आरसा ९९.९९ टक्के प्रकाश परतवत असेल, तर तो बाहेरच अडेल. मग आत फिरतं काय? त्यापेक्षा ताकदवान लेझर का घेत नाहीत?

उत्तर : ताकदीचा मुद्दा आधी निकालात काढतो. विरळ वायू एका खेपेत प्रकाशाचा लाखातला एक भागही खात नाही. लेझर स्वतःच त्याहून कितीतरी जास्त खालीवर होत असतो. ताकद वाढवली की ही चुळबूळही वाढते.

तुमची पहिली शंका मात्र झकास आहे. आत जाणारा हिस्सा दहा हजारांत एक, हे खरंच. पण आरशांमधली ये-जा तरंगलांबीच्या पूर्ण पटीत बसली, की आधी शिरलेली लाट फिरून येते ती नव्या लाटेच्या पावलात पाऊल टाकून. भर पडत जाते, आत प्रकाश साचतो. यासाठी एका आरशामागे पिझो (विजेचा दाब दिला की किंचित लांब-आखूड होणारा स्फटिक) लावून तो आरसा किंचित सरकवतात. डायोड लेझर तापमान आणि करंट बदलून मिथेनच्या १.६५ मायक्रोमीटरजवळच्या रेषेवर, म्हणजे मिथेन जी तरंगलांबी खातो तिच्यावर, आणतात. १९८८ साली ही पद्धत पहिल्यांदा वापरणाऱ्या ओकीफ आणि डीकन या संशोधकांनी पल्स लेझर, म्हणजे क्षणभराचे झोत सोडणारा लेझर, वापरला होता. त्यांना साठवणीची चैन नव्हती, झिरपलं तेवढ्यावर भागवलं.

प्रकाश साचला की लेझरचा झोत अडवायचा आणि आरशातून झिरपणारा प्रकाश कसा मावळतो, त्याची उतरती रेघ ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) बघायची. आरसे ५० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर त्यांच्यामधल्या रिकाम्या नळीत प्रकाश ३७ टक्क्यांवर यायला सुमारे १७ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात तो ५ किलोमीटर धावलेला असतो! वायू भरल्यावर १७ चे १६ झाले, तर एका खेपेतलं शोषण दहा लाखांत सहाच्या आसपास. सुरुवातीला प्रकाश किती होता याच्याशी देणंघेणं नाही, कारण आपण मोजतो तो वेळ. सगळी गंमत इथे आहे.

धूळ बसली तरी वेळ घटतोच. म्हणून लेझर रेषेवरून बाजूला सरकवून पुन्हा मोजायचं. तिथेही घट दिसली, तर गुन्हेगार आरसा. मग लेन्स पेपरची घडी मिथेनॉलमध्ये भिजवून, चिमट्यात धरून, एकाच दिशेने एकदाच फिरवायची. तीच घडी दुसऱ्यांदा लावणाऱ्या विद्यार्थ्यावर मी हमखास ओरडतो.