दोन हंगामांच्या मधला कातळ

प्रश्न : मी मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिमाचलात ट्रेक लीडर म्हणून काम करतो. नोव्हेंबर ते मार्च हातात काम नसते. मूलभूत गिर्यारोहणाचे प्रशिक्षण झाले आहे. या काळात प्रस्तरारोहण कोठे करावे?

उत्तर : आपल्या रिकाम्या महिन्यांतच दख्खनचा कातळ कोरडा आणि हवा थंड असते. सुरुवात बदामीपासून करावी, असे माझे मत आहे. तेथील तांबडा वालुकाश्म घट्ट असून अनेक मार्गांवर बोल्ट (दोर अडकवण्यासाठी कातळात बसवलेले खिळे) ठोकलेले असल्यामुळे दोर घेऊन सर्वांच्या पुढे राहून चढण्याचा सराव तुलनेने निर्धोकपणे करता येतो. शिवाय गदग-सोलापूर लोहमार्गावर स्थानक असल्याने प्रवासही स्वस्तात होतो. हंपीच्या ग्रॅनाइटवर दोराविना बोल्डरिंग, म्हणजे कमी उंचीच्या शिळांवरील चढाई, करता येईल, मात्र बोटांची कातडी सोलली जाते.

सह्याद्रीचे सुळके त्यानंतर, आणि तेही जाणत्या संघासोबतच चढावेत. येथील बेसॉल्ट अनेक ठिकाणी ठिसूळ असल्याने हाती धरलेली खोबणच निखळू शकते आणि जुने, गंजलेले बोल्ट दिसायला भक्कम वाटले, तरी त्यांवर विसंबणे धोक्याचे असते. कड्यावर आग्यामोहोळ दिसल्यास मार्ग सोडून द्यावा; त्यात कमीपणा नाही.

चार महिने ओझे वाहून आपले पाय तयार असतील, बोटे नव्हेत. स्नायूंपेक्षा स्नायुबंध सावकाश बळकट होतात, म्हणून पहिले काही आठवडे एक दिवसाआड चढावे.