मोबाईलवर पुराचा अलर्ट वाजला तर कोल्हापुरात नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की नागाळा पार्कात तळमजल्यावर भाड्यानं घर घेतलंय, कोल्हापुरातला पहिलाच पावसाळा आहे, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं ऐकून धास्ती वाटते. मोबाईलवर सरकारी अलर्ट वाजला तर हातात किती वेळ असतो आणि गल्लीनं मिळून काय तयारी करावी.

अलर्ट वाजायची वाट बघू नका, हे पहिलं. पंचगंगेचा पूर घाटातल्या लोंढ्यासारखा एकदम अंगावर येत नाही. तो इंचाइंचानं चढतो आणि त्याचा आकडा दिवसातून अनेकदा जाहीर होतो. हा आकडा म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर एकमेकांना विचारतात, "किती फूट झालं?" तुम्हीही तेच विचारायला शिका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या आसपास पोहोचलं.

पण ३९ आणि ४३ हे आकडे सगळ्या शहरासाठी आहेत. सुतारवाड्यात माणसं हलवायला लागतात तेव्हा राजारामपुरीत कुणाला पत्ताही नसतो. म्हणून तुमच्या उंबऱ्याचा आकडा काढा. या सगळ्या उत्तरातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

तो असा काढायचा. शेजारी किंवा घरमालकाला २०२१ ची पाण्याची खूण दाखवायला सांगा. भिंतीवर, फाटकाच्या खांबावर, जिन्याच्या पायरीवर ती बहुतेक ठिकाणी असते, नाहीतर लोकांच्या लक्षात असते. गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि त्या खुणेची उंची तुमच्या उंबऱ्याशी आणून मोजा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, तेवढं बघा. समजा खूण उंबऱ्याच्या ४ फूट वर निघाली. पाणी ५६ ला होतं, म्हणजे तुमचा उंबरा साधारण ५२ ला. यातून निदान २ फूट वजा करा आणि ५० धरा. वजा का, तर नदीच्या पाण्याला उतार असतो. बंधाऱ्यावरचं पाणी आणि तुमच्या दारातलं पाणी एका सपाटीत नसतं. शिवाय पाणी नेहमी नदीच्याच बाजूनं येतं असं नाही. नदी चढली की नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही, मागं फुगतं. जयंती नाला असा फुगला की व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं. वर शहरात जोराचा पाऊस चालू असेल तर हे आणखी लवकर होतं. काढलेला आकडा मीटरच्या बोर्डाशेजारी खडूनं नको, ऑइलपेंटनं लिहून ठेवा.

आता वेग. बातमीत पातळी आली की मागच्या बातमीतली पातळी आणि वेळ शेजारी लिहा, म्हणजे तासाला किती इंच ते कळतं. ३९ ते ४३ हे अंतर ४८ इंचांचं. तासाला १ इंच असेल तर पुरे दोन दिवस हातात आहेत, ३ इंच असेल तर १६ तास. दोन ठिकाणी लोक फसतात. एक, ३९ फूट ५ इंच आणि साडे एकोणचाळीस फूट यात गोंधळ होतो. फुटाचे १२ इंच असतात, इंचाचा आकडा दशांश समजून वाचू नका. दुसरं जास्त घातक आहे. पात्राबाहेर पडलेलं पाणी शेतांत पसरतं, त्यामुळे चढण्याचा वेग मंदावतो आणि "आता हळू चढतंय" म्हणून माणसं निर्धास्त होतात. खरं तर तेव्हा दर इंचामागं नदीत कितीतरी जास्त पाणी वाढत असतं, आणि ते उतरायलाही तितकाच वेळ घेतं.

पाणी येतं कुठून, हेही समजून घ्या, कारण निम्म्या अफवा तिथंच जन्मतात. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचा संगम चिखलीजवळ प्रयागला होतो आणि पुढे ती पंचगंगा. भोगावतीवर राधानगरी धरण आहे. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पाणी ओसरलं की मिटतात. प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक सुटतं, म्हणजे सेकंदाला साधारण ४० हजार लिटर. सातही उघडले तर १० हजार क्युसेकच्या आसपास. ही बातमी आली की घाबरायचं नाही, पण गगनबावडा-राधानगरी भागात पाऊस चालू आहे का ते बघायचं, कारण धरणाखालच्या मोकळ्या डोंगरातून येणारं पाणी कुठल्याच दरवाजानं अडत नाही. काळम्मावाडी धरणाचा विसर्ग वाढला की शहरात फोनाफोनी सुरू होते. ते पाणी दूधगंगेत जातं, कोल्हापूर शहरातून जात नाही. कोयनेचं पाणी कृष्णेत जातं. नृसिंहवाडीला कृष्णा फुगली की पंचगंगा पुढं सरकत नाही. त्याची झळ आधी शिरोळ तालुक्याला बसते, आणि आपल्याकडचं पाणी उतरायला वेळ लागतो. "इतके बंधारे पाण्याखाली" या मथळ्यानं तर अजिबात दचकू नका. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेले असतात. त्यावरून फक्त वाहतूक बंद होते. त्यापेक्षा शिवाजी पुलापलीकडं "रेडेडोह फुटला" असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. पाणी पात्र सोडून आंबेवाडी-चिखलीच्या बाजूला पसरायला लागल्याची ती जुनी खूण आहे, आणि रत्नागिरी रस्ता बंद होण्याची वेळ जवळ आलेली असते.

मोबाईलच्या अलर्टबद्दल. दोन प्रकार आहेत. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, त्यामुळे गर्दीत अडकतो आणि तासाभरानंही येतो. कर्कश वाजणारा, स्क्रीनवर आपोआप उघडणारा संदेश सेल ब्रॉडकास्टनं येतो. त्या भागातल्या टॉवरवर असलेल्या सगळ्या फोनना तो एकदम मिळतो, नंबर माहीत असण्याची गरज नसते. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या शोधचौकटीत "वायरलेस इमर्जन्सी अलर्ट" शोधा आणि सगळे प्रकार चालू ठेवा. चाचणीच्या दिवशी वैतागून अनेकांनी ते बंद केले, आणि ते आजही बंदच असतील. एरोप्लेन मोडमध्ये किंवा टॉवर बंद पडल्यावर काहीच येत नाही. पुरात वीज तोडली की टॉवरची बॅटरी काही तासच पुरते, म्हणजे सगळ्यात गरज असते तेव्हाच फोन मुका होऊ शकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" अ‍ॅप घ्या, विजांसाठी "दामिनी" घ्या, आणि सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ घ्याच.

अलर्ट आला की आधी वाचा. कुठल्या भागासाठी, कधीपर्यंत, कुणी दिला. हवामान खात्याचा रेड अलर्ट पावसाचा असतो, पुराचा नव्हे. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. तो गगनबावड्यात पडला तर नदी नंतर चढते. शंका असेल तर १०७७ ला जिल्हा नियंत्रण कक्षात विचारा. जीव धोक्यात असेल तर ११२.

आता घर सोडण्याचा क्रम. इशारा पातळी आली की गाडी उंचावर नेऊन लावा. लोक हे शेवटी करतात आणि तोवर रस्ता बंद झालेला असतो. कागदपत्रं, औषधं, धान्य, इन्व्हर्टरची बॅटरी वर. तुमच्या आकड्याला ३ फूट उरले की म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस बाहेर. २ फूट उरले की सगळे बाहेर, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. पण पाणी संध्याकाळी त्या बेतात आलं असेल तर अंधाराची वाट न बघता उजेडातच निघा. राजारामपुरी, टेंबलाईवाडी, कळंब्याच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर त्यांना जूनमध्येच विचारून ठेवा. २०१९ मध्ये कित्येक जण "२००५ ला पाणी इथवरच आलं होतं" म्हणून थांबले आणि अडकले. मागचा पूर ही पुराची मर्यादा नसते.

निघताना मेन स्विच बंद करा, पण आधी इन्व्हर्टर बंद करा. नाहीतर मेन बंद होताच इन्व्हर्टरला लाइट गेल्यासारखं वाटतं आणि तो घरात वीज सोडतो. पाण्यात उभ्या माणसाला त्याचा झटका बसू शकतो. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो. तळमजल्यावर सगळ्यात आधी पाणी दारातून नाही, संडासातून आणि मोरीतून उलटं येतं. प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत वाळू भरून ती कमोडमध्ये आणि मोरीच्या जाळीवर घट्ट दाबून ठेवा. दाराशी वाळूच्या गोण्या लावणार असाल तर दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली गोणी दगडासारखी राहते, फटी बुजत नाहीत. विटांसारखा सांधा मोडत रचा, मध्ये ताडपत्री.

शिधा किती? माणशी दिवसाला पिण्या-स्वयंपाकाला ४ लिटर पाणी. २०१९ ला बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूरचे उपसा पंप पाण्याखाली गेले आणि ज्या भागात पूर नव्हता तिथलेही नळ कोरडे पडले. म्हणून चौघांसाठी आठवड्याचा हिशोब धरा: ११२ लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा जार. चिरमुरे, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर. रोजची औषधं पंधरा दिवसांची. सुटे पैसे रोख ठेवा, एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद पडतात.

गल्लीसाठी नवी समिती काढू नका. तालीम किंवा मंडळ आहे, त्यांच्याकडं स्पीकर आहे, जनरेटर आहे, पोरं आहेत. गणपतीत जे हात मांडव उभारतात तेच पुरात कामाला येतात. त्यांना एक वही करायला सांगा. घरटी किती माणसं, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कोण एकटं राहतं, कुणाकडं जनावरं आहेत, कुणाची जीप किंवा टेंपो आहे. प्रत्येक एकट्या माणसासाठी एका शेजाऱ्याचं नाव ठरवा, आणि तो गावाला गेला तर दुसऱ्याचं. वहीच्या दोन प्रती, एक तालमीत आणि एक वरच्या मजल्यावरच्या घरात, कारण तालीमही पाण्यात जाऊ शकते. मेसेजच्या ग्रुपवर एकच नियम: वेळ, ठिकाण आणि देणारं कार्यालय नसलेला संदेश पुढं ढकलायचा नाही. "धरण फुटलं" ही अफवा दर पुरात फिरते आणि चेंगराचेंगरीला तेवढी पुरते.

पोरांना एक गोष्ट ठामपणे सांगा. गुऱ्हाळाची काहिल नाव म्हणून वापरायची नाही. ती गोल असते, तिला दिशा नसते, एका बाजूला दोघे सरकले की उलटते. नावेतही ठरल्यापेक्षा एकही जास्त माणूस घ्यायचा नाही, लाइफ जॅकेटशिवाय तर नाहीच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसं गेली, ती पुरातून सुटकेच्या वाटेवर होती. बचावाचं काम आपत्ती दल, अग्निशमन आणि व्हाइट आर्मी या स्वयंसेवी पथकासारख्या शिकलेल्या माणसांचं. गल्लीचं काम त्याआधी माणसं काढण्याचं. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी पाय सुटतात, एक फूट झालं की छोटी मोटार तरंगते. गुरं असतील तर चारा उंचावर, आणि शेवटच्या क्षणी नेता आली नाहीत तर दावं कापून सोडा. बांधलेलं जनावर गोठ्यातच बुडतं, सुटलेलं पोहून उंचवटा गाठतं.

पाणी उतरल्यावर घाई नको. गाळ काढायच्या आधी भिंतीवर पाण्याची रेघ मारून तारीख लिहा, खोलीखोलीचे फोटो काढा, कारण पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा घर धुतलेलं असेल. मेन स्विच इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय चालू करू नका. अंगणातली जमिनीखालची टाकी उपसून, घासून मगच भरा; स्वच्छ पाण्याच्या दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, आणि तासभर थांबायचं. गढूळ पाण्याला हे पुरत नाही. चिखलात अनवाणी फिरू नका, पायाला जखम असेल आणि ताप आला तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा, म्हणजे त्यांना लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार करता येईल. आणि पाण्यात राहिलेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमा कंपनी तो खर्च नाकारू शकते. टोचन करूनच गॅरेजला न्या.