गोल, फुल्या आणि रेघा

"मॅडम, मला वेड लागायला लागलंय का ओ?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. वय 47. साताऱ्याकडे पोळीभाजी केंद्र चालवतात, सकाळी साडेअकराच्या आत साठ डबे बाहेर पडतात. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.) आमटीत दोनदा मीठ पडलं, सांगायला आलेल्या गिऱ्हाइकावर त्या ओरडल्या आणि मग मोरीत जाऊन रडल्या. त्यांच्या आईला म्हातारपणी घरची माणसं ओळखू यायची नाहीत. आपलंही तेच सुरू झालं, ही धास्ती.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की मी आधी झोपेचं विचारते.

"कसली झोप? रात्री दोनला छातीपासून वाफ चढते. ब्लाऊज पिळून काढावा एवढा घाम. मी पंखा पाचवर करते, हे कुडकुडतात नि बंद करतात. मी परत लावते."

आणि पाळी? त्यांनी पर्समधून कॅलेंडरची पानं काढली. दुधाच्या हिशोबाशेजारी तारखांभोवती लाल गोल. जानेवारी-फेब्रुवारीत शिस्तीत, मग अडीच महिने काहीच नाही, मग एकाच महिन्यात दोन. मी म्हटलं, यावरच आणखी दोन खुणा करा. झोप मोडली त्या रात्री फुली, कुणावर ओरडलात त्या दिवशी रेघ.

तीन आठवड्यांनी पान आलं. जवळजवळ प्रत्येक रेघ फुलीच्या दुसऱ्या दिवशी होती. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत बसल्या.

पाळी जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन सरळ उतरत नाही, हेलकावे खातं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र त्यानं हळवं होतं. एरवी जाणवणारही नाही एवढ्या उबेलाही ते घाम सोडतं, मग तव्यापुढं तर विचारूच नका. झोप तुटली की शब्द अडतात, मीठ दोनदा पडतं. या दिवसांतला विसरभोळेपणा म्हणजे आईचा आजार नव्हे, बहुतेकींचा तो पुढे निवळतो. तरी रक्त तपासल्याशिवाय मी कुणाला 'काही नाही' म्हणत नाही. थायरॉइड, बी-12 ठीक होतं, हिमोग्लोबिन मात्र 9. एका महिन्यात दोनदा पाळी आली म्हणून सोनोग्राफीही करायला लावली. ती साफ निघाली.

शेजारणींनी तोवर उपाय सांगून ठेवलेला: "पिशवी काढून टाक, सुटशील." इथे माझा आवाज चढतो, कबूल करते. पिशवी काढून घाम थांबत नाही. सोबत बीजकोशही काढले तर जे चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचं ते एकदम अंगावर कोसळतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या, मजुरी बुडू नये म्हणून, गरज नसताना कशा काढल्या गेल्या हे 2019 मध्ये पेपरांत आलं, तरी हा सल्ला गिरणीच्या रांगेत अजून फुकट मिळतो. स्त्रीरोगतज्ज्ञांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, हार्मोनच्या उपचारांचे फायदे-धोके समजावले. ताईंनी सध्या थांबायचं ठरवलं. त्रास वाढला तर तो मार्ग आहे, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलावलं. "आमच्या आईला असलं काही नव्हतं," ते म्हणाले. मी विचारलं, आई त्या वयाची असताना रात्री काय करायची? ते गप्प झाले. मग म्हणाले, "उंबऱ्यावर जाऊन बसायची. आम्ही म्हणायचो, म्हातारीला झोप येत नाही." म्हातारी तेव्हा अठ्ठेचाळीसची असेल. त्या रात्रीपासून पंखा ताईंकडे आणि नवऱ्याच्या अंगावर गोधडी.

आता डब्यांचं मीठ सून घालते. ओरडणं थांबलंय असं नाही, पण ओरडल्यावर ताई स्वतःच सांगतात, "रात्री फुली होती."

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली म्हणायचं, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी थेट डॉक्टरकडे जायचं, हे मी त्यांना लिहून दिलंय. परवा फोन आला. सात कोरी पानं झाली होती आणि आठव्यावर लाल गोल.

"आता परत एकपासून मोजायचं का ओ?"

"हो."

"हात्तिच्या! मी आठव्याचे पेढे सांगून बसले होते."